मनगटाचा तिरका एक्स-रे

मनगटाचा एक्स-रे सरळ काढला, की मनगटातल्या आठ छोट्या हाडांपैकी सर्वांत जास्त वेळा मोडणारं हाड आखूड दिसतं. त्याचं नाव स्कॅफॉइड. अंगठ्याच्या बाजूला बसलेलं हे हाड तळहाताकडे साधारण ४५ अंशांनी झुकलेलं असतं. हात टेबलावर पालथा ठेवून वरून सरळ किरण सोडले, तर या झुकलेल्या हाडाची सावली स्वतःवरच दुमडल्यासारखी पडते. हाडाच्या कमरेला बारीक तडा गेलेला असेल, तर तो त्या दुमडीत बेमालूम लपतो. रिपोर्टवर येतं, ‘फ्रॅक्चर दिसत नाही’. घरी निरोप जातो, ‘एक्स-रे नॉर्मल आहे, नुसतं मुरगळलंय’.

या दोन वाक्यांत बराच फरक आहे. रिपोर्ट एवढंच सांगतो, की या दिशेनं काढलेल्या सावलीत तडा दिसला नाही. घरी पोहोचतं ते असं, की हाड शाबूत आहे. मग शेक, आंबेहळदीचा लेप, कुणाच्या तरी ओळखीचा हाडवैद्य, थोडी मालिश, आणि आठ दिवसांत माणूस पुन्हा बाइकचं हँडल धरतो. दुखणं कमी-जास्त होत राहतं. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, मनगट कडक व्हायला लागतं तेव्हा पुन्हा एक्स-रे निघतो आणि त्यात एका हाडाचे दोन तुकडे स्पष्ट दिसतात. अस्थिरोगतज्ज्ञांना अशी मनगटं नवीन नाहीत. यातली बरीचशी पहिल्याच आठवड्यात ओळखता येतात. त्यासाठी हात जरा वळवावा लागतो आणि एक्स-रेची नळी थोडी कलती करावी लागते.

एक्स-रे ही मुळात सावली आहे. नळीतून निघालेले किरण हातातून पार होऊन खालच्या प्लेटवर पडतात. हाडात कॅल्शियम असल्यामुळे तिथं ते जास्त अडतात आणि हाड पांढरं उमटतं, मांस करडं, आणि जिथं काहीच आडवं येत नाही तिथं काळं. लांबी, रुंदी आणि खोली असलेली वस्तू एका सपाट पृष्ठभागावर चेपली जाते. किरणांच्या वाटेत जे जे येईल ते सगळं एकावर एक चढतं.

याचा परिणाम समजून घ्यायला एक काजूगर आणि मोबाइलचा टॉर्च पुरेसा आहे. भिंतीसमोर काजू आडवा धरला, तर लांब, बाकदार सावली पडते. त्याचं एक टोक टॉर्चकडे झुकवत नेलं, की सावली आखूड होत होत जवळजवळ गोल होते. आता काजू मधोमध आडवा कापून दोन्ही तुकड्यांत केसभर फट ठेवून धरा. उजेड त्या फटीच्या बरोबर रेषेत आला, तरच भिंतीवर उजेडाची रेघ उमटते. हात जरा कलला की रेघ गेली, फट मात्र होती तिथंच आहे. मोडलेल्या स्कॅफॉइडचं हुबेहूब असंच होतं. किरण तड्याच्या प्रतलाला समांतर गेले तर काळी रेघ दिसते. ते तिरके गेले, तर तड्याच्या एका बाजूचं हाड दुसऱ्या बाजूच्या फटीवर येऊन बसतं आणि रेघ पुसली जाते.

म्हणून हाड मोडल्याचा संशय असेल तर एका एक्स-रेवर कधीच भागवत नाहीत. एकमेकांशी काटकोनात असलेले निदान दोन एक्स-रे काढायचे, हा अस्थिरोगशास्त्रातला जुना नियम आहे. मांडीच्या किंवा नडगीच्या लांब हाडांसाठी बहुतेक वेळा दोन पुरतात. मनगटात ते पुरत नाहीत, कारण तिथं गर्दी फार आहे.

ही गर्दी नीट पाहण्यासारखी आहे. कोपराकडून रेडियस आणि अल्ना ही दोन लांब हाडं येतात. त्यांच्यापुढं आठ छोटी हाडं दोन ओळींत बसतात. पहिल्या ओळीत अंगठ्याकडून करंगळीकडे स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम आणि तिच्या पुढ्यात तळहाताच्या बाजूला वाटाण्याएवढं पिसिफॉर्म. दुसऱ्या ओळीत ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट आणि हॅमेट. त्यापुढं तळहाताची पाच हाडं. ही आठही हाडं सपाट फरशीसारखी मांडलेली नसतात. त्यांची मिळून तळहाताच्या बाजूला एक पन्हळ तयार होते आणि तिच्यातून बोटांचे नऊ स्नायुबंध आणि मध्यवर्ती चेतातंतू, म्हणजे मीडियन नर्व्ह, जातात. पन्हळीच्या कडांवरची हाडं सरळ एक्स-रेत मधल्या हाडांवर चढतात. पिसिफॉर्म तर कायम ट्रायक्वेट्रमच्या डोक्यावर बसलेलं दिसतं. बाजूनं एक्स-रे काढला, की आठही हाडं एकाच ढिगात.

नेहमीचे दोन व्ह्यू असे. पहिल्यात हात पालथा, खांदा टेबलाच्या पातळीत, कोपर काटकोनात दुमडलेलं. आपल्याकडे चिठ्ठीवर सर्रास ‘एपी’ लिहितात, प्रत्यक्षात मनगटाचा हा एक्स-रे मागून पुढे, म्हणजे ‘पीए’ असतो. दुसरा बाजूचा, ‘लॅटरल’. त्यात करंगळीची कड खाली आणि अंगठा वर. लॅटरल खरोखर बाजूनं निघाला की किंचित फिरला, हे तपासायची एक सुंदर खूण आहे. पिसिफॉर्मची तळहाताकडची कड ही स्कॅफॉइडचं पुढचं टोक आणि कॅपिटेटचं डोकं यांच्या त्याच बाजूच्या कडांच्या मध्ये पडली पाहिजे. ती इकडे-तिकडे सरकलेली असेल तर हात फिरला होता, आणि त्या एक्स-रेवर मोजलेले कोन विश्वासाचे नाहीत. चांगला रेडिओलॉजिस्ट हाडं बघण्याआधी ही खूण बघतो.

तिसरा व्ह्यू तिरका, ‘ऑब्लिक’. पालथ्या हाताची अंगठ्याची बाजू ४५ अंश उचलायची, खाली फोमची पाचर द्यायची. एवढ्यानं अंगठ्याकडची हाडं एकमेकांवरून सरकून मोकळी होतात. ट्रॅपेझियम, तिचा स्कॅफॉइडशी असलेला सांधा, स्कॅफॉइडचं पुढचं टोक, अंगठ्याच्या मुळाचा सांधा, सगळं सुटं दिसतं. मध्यमवयीन बायकांना डबा उघडताना, कपडे पिळताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, त्या सांध्याची झीज कधी कधी या तिरक्या एक्स-रेतच पहिल्यांदा नीट कळते. याच्या उलट दिशेनं तिरका काढायचा तर हात उताणा धरून अर्धवट कलता करायचा. मग पन्हळीची दुसरी कड, म्हणजे पिसिफॉर्म आणि ट्रायक्वेट्रम यांच्यातला सांधा उघडा पडतो. दोन्ही हात चेंडू झेलायला धरावेत तसे धरून काढलेला असाच एक तिरका एक्स-रे नॉरगार्ड यांनी १९६५ मध्ये संधिवाताच्या सुरुवातीच्या खुणा शोधण्यासाठी सांगितला. आमवातात हाडांच्या कडा बारीक कुरतडल्यासारख्या होतात. त्या कडा सरळ एक्स-रेत झाकल्या जातात, या व्ह्यूत समोर येतात.

आता पुन्हा स्कॅफॉइडकडे येऊ, कारण मनगटाच्या तिरक्या एक्स-रेची सगळ्यात जास्त गरज त्यालाच आहे.

माणूस पडताना हात पुढे टाकतो. पावसाळ्यात चिखलावर दुचाकी घसरली, मल्लखांबावरून पकड सुटली, कबड्डीत पकडीतून निसटताना तोल गेला, दहीहंडीचा थर कोसळला, तरी शरीर करतं तेच. मनगट मागं वाकतं, तळहात जमिनीवर आदळतो. पहिल्या आणि दुसऱ्या ओळींच्या मधोमध पुलासारखं पडलेलं स्कॅफॉइड अशा वेळी कमरेत वाकवलं जातं. वयस्कर माणसाची रेडियस ठिसूळ असते, त्यामुळे तीच आधी मोडते. तरण्याताठ्या माणसाची रेडियस टिकते आणि भार स्कॅफॉइडवर येतो. म्हणून हे फ्रॅक्चर प्रामुख्यानं पंधरा ते तीस वयातल्या मुलांचं आहे. मनगटाच्या छोट्या हाडांत मोडणाऱ्यांमध्ये याचा पहिला नंबर लागतो, आणि यातले साधारण दोन तृतीयांश तडे बरोबर कमरेला असतात.

मोडलं तरी हात वाकडा होत नाही. सूज माफक असते. बोटं हलतात, मूठ कशीबशी वळते. म्हणूनच ‘मुरगळलं’ म्हणणं सगळ्यांना पटतं. पण अंगठा ताणून वर उचलला, की त्याच्या मुळाशी दोन ताठ स्नायुबंधांच्या मध्ये एक खळगा पडतो. युरोपात पूर्वी लोक तिथं चिमूटभर तपकीर ठेवून ओढायचे, त्यावरून शरीरशास्त्राच्या पुस्तकांत त्याला तपकिरीच्या डबीचं नाव मिळालं. स्कॅफॉइड या खळग्याच्या तळाशी आहे. पडल्यानंतर तिथं बोटानं दाबल्यावर कळ येत असेल, किंवा तळहाताच्या बाजूला अंगठ्याच्या उंचवट्याच्या सुरुवातीला दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काहीही म्हणो, स्कॅफॉइडचा संशय धरायचा.

आणि त्याच्यासाठी खास व्ह्यू मागायचा. पालथा हात मनगटात करंगळीच्या दिशेला वळवतात. असं केलं की स्कॅफॉइडचं झुकणं कमी होतं, ते ताणून सरळ होतं आणि त्याची सावली लांब होते. जे झुकणं उरतं त्यासाठी नळी कोपराच्या दिशेला २० ते ३० अंश कलती करतात. आता किरण हाडाच्या लांबीला जवळजवळ काटकोनात, म्हणजे कमरेच्या आडव्या तड्याच्या रेषेतच शिरतात. तडा असेल तर दिसण्याची शक्यता एकदम वाढते. स्टेचर यांनी १९३७ मध्ये ही युक्ती लिहून ठेवली: नळी कलती करा, किंवा नळी सरळ ठेवून हातच उताराच्या पाचरीवर २० अंश उचला, नाहीतर मूठ वळवून घ्या. तिन्हींचा हेतू एकच. स्कॅफॉइडचा संशय असेल तर बहुतेक ठिकाणी पीए, लॅटरल, ऑब्लिक आणि हा करंगळीकडे वळवलेला, असे चार व्ह्यू घेतात.

इतकं करूनही पहिल्या दिवशी तडा सुटू शकतो. पाचांतल्या एकापर्यंत स्कॅफॉइड फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत दिसत नाहीत, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. तुकडे जागेवरून तसूभरही हललेले नसतील तर काळी रेघ पडायला फटच नसते. इथं शरीर स्वतः मदतीला येतं. हाड भरून यायला लागण्याआधी तड्याच्या कडेचं मेलेलं हाड शोषलं जातं, त्यामुळे दहा-चौदा दिवसांत फट थोडी रुंदावते आणि पहिल्यांदा न दिसलेली रेघ दिसायला लागते. म्हणून जुना, खात्रीचा शिरस्ता असा, की संशय आहे पण एक्स-रे स्वच्छ आहे तेव्हा हात प्लास्टरमध्ये किंवा पट्ट्यात ठेवायचा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा त्याच व्ह्यूंमध्ये एक्स-रे काढायचा. थांबायचं नसेल तर एमआरआय आहे. त्यात तड्याभोवती मज्जेत आलेली सूज पहिल्या दिवशीही दिसते. तुकडे किती सरकलेत हे मोजायला सीटी चांगला. माझ्या मते आपल्याकडचा खरा प्रश्न एमआरआय परवडत नाही हा नाही. दोन आठवड्यांनी परत या, हे रुग्णाला कुणी पुरेशा जोरानं सांगत नाही, आणि सांगितलं तरी पहिला एक्स-रे नॉर्मल आला म्हटल्यावर तो येत नाही.

परत यायलाच हवं, कारण या हाडाचा रक्तपुरवठा उलटा आहे. स्कॅफॉइडचा बहुतेक पृष्ठभाग कूर्चेनं झाकलेला असल्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागाच थोडी. मुख्य वाहिनी पाठीकडून, हाडाच्या कमरेच्या आणि पुढच्या भागातून आत जाते आणि तिथून मागं, मनगटाच्या सांध्याकडच्या टोकाकडे वळते. कमरेला तडा गेला की हे मागचं टोक रक्ताला मुकू शकतं. तडा जितका मागे तितका धोका जास्त. मागचं टोक मरतं, पांढरं पडतं, पुढं चुरा होतो. किंवा तुकडे जुळतच नाहीत, प्रत्येक हालचालीत एकमेकांवर घासतात, आणि काही वर्षांत मनगटाची झीज ठरावीक क्रमानं पसरत जाते. आधी रेडियसचं अंगठ्याकडचं टोक, मग आतले सांधे. पंचविशीत सुटलेला तडा चाळिशीत मनगट निकामी करतो, तो असा.

वेळेत सापडला तर गोष्ट बरीच सोपी असते. न सरकलेला कमरेचा तडा प्लास्टरमध्ये साधारण आठ ते बारा आठवड्यांत जुळतो. मागच्या टोकाचा असेल तर जास्त वेळ लागतो आणि बहुतेक वेळा स्क्रू घालायचा विचार होतो. प्लास्टर की ऑपरेशन या प्रश्नावर इंग्लंड आणि वेल्समध्ये ४३९ प्रौढ रुग्णांवर झालेल्या ‘स्विफ्ट’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. दोन मिलिमीटरपर्यंत सरकलेल्या कमरेच्या तड्यांसाठी आधी प्लास्टर आणि न जुळल्यास ताबडतोब ऑपरेशन, या मार्गानं गेलेल्यांची मनगटं वर्षभरानंतर सुरुवातीलाच ऑपरेशन केलेल्यांइतकीच चांगली होती. मात्र यात ‘न जुळल्यास’ हे वेळेवर कळणं गृहीत धरलेलं आहे. त्यासाठीही तोच करंगळीकडे वळवलेला एक्स-रे आणि गरज पडल्यास सीटी लागतो.

मनगटात इतरही काही जागा अशा आहेत, की योग्य कोन मिळाल्याखेरीज त्या बोलत नाहीत.

हॅमेटला तळहाताच्या बाजूला एक आकडा असतो. रॅकेट, गोल्फची काठी, बॅट यांच्या मुठीचं टोक नेमकं या आकड्यावर टेकतं. जोराचा फटका चुकून जमिनीवर बसला की आकडा मुळातून तुटतो. सरळ एक्स-रेत आकडा आपल्याच हाडाच्या अंगावर पडलेला एक पुसट वर्तुळाकार डाग असतो, त्यामुळे तो तुटला तरी काही कळत नाही. त्यासाठी बोटं मागं ओढून मनगट पूर्ण वाकवतात आणि किरण तळहाताच्या दिशेनं २५ ते ३० अंशांनी पन्हळीच्या तोंडातून आत सोडतात. यालाच कार्पल टनेल व्ह्यू म्हणतात. समोर पन्हळीची कमान दिसते, एका टोकाला ट्रॅपेझियमची कड, दुसऱ्या टोकाला हॅमेटचा आकडा आणि पिसिफॉर्म. ताज्या दुखापतीत मनगट इतकं मागं वाकवता येत नाही, तेव्हा जबरदस्ती करण्यापेक्षा सीटी काढणं शहाणपणाचं. हा आकडा दुर्लक्षित राहिला तर करंगळी आणि अनामिकेच्या स्नायुबंधांवर तो घासत राहतो, ते झिजून तुटूही शकतात.

हाडं शाबूत असून त्यांना बांधणारी बंधनं तुटली असतील तर? स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांच्यातलं बंधन तुटलं, की स्वस्थ हाताच्या एक्स-रेत दोघं शेजारी शेजारी नीट बसलेले दिसू शकतात. रुग्णाला मूठ घट्ट आवळायला लावली, की कॅपिटेट मागं दाबलं जातं, पाचर ठोकल्यासारखं त्या दोघांमध्ये घुसतं आणि त्यांच्यातली जागा रुंदावते. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट संशयास्पद धरतात, पण दुसऱ्या हाताचा तसाच मूठ वळवलेला एक्स-रे शेजारी ठेवूनच निर्णय द्यावा. काही माणसांची बंधनं जन्मतः सैल असतात.

ल्युनेट निखळण्याची दुखापत सर्वांत गंभीर, आणि तिथं कौल मिळतो तो लॅटरलमध्ये. रेडियस, ल्युनेट आणि कॅपिटेट ही तिघं एका रेषेत असायला हवीत. ल्युनेट तळहाताकडे कलंडलं, तर लॅटरलमध्ये ते उलटलेल्या कपासारखं दिसतं. सरळ एक्स-रेत संशय यायला डोळा तयार लागतो. छोट्या हाडांच्या कडांनी बनणाऱ्या तीन गुळगुळीत कमानी गिलुला यांनी १९७९ मध्ये दाखवून दिल्या, त्यातली एखादी कमान मोडली तर काहीतरी जागचं हललं आहे. या प्रकारच्या निखळण्यातल्या जवळपास चौथ्या भागाचं निदान पहिल्या भेटीत चुकतं, असं या विषयावर वारंवार उद्धृत होतं. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील तर दिवस उजाडायची वाट बघू नये, चेतातंतू दाबला जात असतो. पाठीच्या बाजूला ट्रायक्वेट्रमचा उडालेला टवकाही लॅटरलमध्येच दिसतो. तो तुलनेनं सौम्य.

रेडियसचं मनगटाजवळचं फ्रॅक्चर एक्स-रेच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. डब्लिनच्या अब्राहम कोलेस यांनी १८१४ मध्ये त्याचं वर्णन केलं, रॉन्टजेनच्या शोधाच्या ८१ वर्षं आधी, नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी. आज या फ्रॅक्चरला तळहाताच्या बाजूनं प्लेट आणि स्क्रू घालतात, आणि इथं तिरक्या एक्स-रेचा उपयोग ऑपरेशन चालू असतानाच होतो. रेडियसचं टोक सपाट नसतं. ते अंगठ्याकडून करंगळीकडे सुमारे २२ अंश उतरतं आणि तळहाताकडे सुमारे ११ अंश कलतं. साध्या लॅटरलमध्ये त्या उतारामुळे अंगठ्याकडची कड सांध्यावर चढते, आणि हाडात व्यवस्थित असलेला स्क्रू सांध्यात घुसल्यासारखा दिसतो. याच्या उलटही होतं, खरोखर घुसलेला स्क्रू झाकला जातो. सर्जन रुग्णाचं कोपर टेबलावरच ठेवून हात साधारण २० अंश उचलतात. किरण सांध्याच्या पृष्ठभागाला घासून जातात आणि हाडाची कड एका रेषेत येते. स्क्रूचं टोक त्या रेषेच्या पलीकडे गेलं असेल तर तो तिथंच काढून आखूड घालतात. ही एवढी काळजी घेतली नाही तर कूर्चा रोज थोडी थोडी खरवडली जाते.

हाताचा कोन बदलल्यानं रोग नसताना रोगही दिसू शकतो. रेडियसच्या तुलनेत अल्ना किती लांब-आखूड आहे हे मिलिमीटरमध्ये मोजतात, कारण ल्युनेट मरण्याच्या विकाराचा, किएनबॉक यांनी १९१० मध्ये वर्णन केलेल्या आजाराचा, आखूड अल्नाशी संबंध जोडला जातो. पण हात पालथा केला की अल्ना लांब भासते, उताणा केला की आखूड, आणि मूठ आवळली की पुन्हा लांब. म्हणून मोजमाप करायचं तर खांदा, कोपर आणि हात ठरलेल्या स्थितीतच हवेत. घाईत, रुग्ण उभा असताना, हात कसातरी टेकवून काढलेल्या एक्स-रेवर असं मोजमाप करू नये.

लहान मुलांचा हिशेब वेगळा. त्यांची छोटी हाडं आधी कूर्चाच असतात आणि एक्स-रेत दिसतच नाहीत. कॅपिटेट आणि हॅमेट पहिल्या काही महिन्यांत उगवतात, स्कॅफॉइड पाच-सहा वर्षांचं होईतो दिसत नाही, पिसिफॉर्म सगळ्यात शेवटी. मुलं पडतात तेव्हा बहुधा रेडियसची साल एका बाजूला नुसती फुगते. तो फुगवटा दोन व्ह्यूंपैकी एकातच दिसणं अगदी नेहमीचं, म्हणून मुलाला दुसऱ्यांदा हात धरून ठेवावा लागला तरी दोन्ही व्ह्यू घ्यावेत.

‘आणखी व्ह्यू म्हणजे आणखी किरण’ ही भीती पुष्कळांना वाटते. मनगटाच्या एक्स-रेचा डोस सुमारे ०.००१ मिलिसिव्हर्ट असतो. माती, हवा, अन्न आणि आकाश यांतून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच, म्हणजे मनगटाच्या एक्स-रेएवढा डोस तीन-चार तासांत नुसतं बसल्या बसल्या मिळतो. गर्भवतीनं तसं आधी सांगावं हे बरोबरच, पण मनगट पोटापासून लांब ठेवून एक्स-रे काढल्यास बाळापर्यंत पोहोचणारं प्रमाण नगण्य असतं. चार व्ह्यू टाळण्यासाठी हे कारण पुरेसं नाही.

काढायला जाण्यापूर्वी अंगठी, घड्याळ, कडं आणि बांगड्या उतरवाव्यात, काचेच्या सुद्धा. काचही किरण अडवते आणि हिरव्या चुड्याची पांढरी रेघ नेमकी रेडियसच्या टोकावरून जाते. २२ डिसेंबर १८९५ ला रॉन्टजेननी आपल्या पत्नीच्या, बर्थाच्या हाताचा एक्स-रे काढला, त्यात तिच्या बोटातली अंगठी हाडापेक्षा ठळक उमटलेली जगानं पाहिली आहे. चुडा उतरवायला मन तयार होत नसेल तर निदान कोपराकडे वर सरकवावा.

एक्स-रे कोणत्या व्ह्यूत निघणार हे चिठ्ठीवरून ठरतं. ‘रिस्ट एपी-लॅट’ एवढंच लिहिलेलं असेल तर टेक्निशियन दोनच काढणार, आणि त्यात त्याची चूक नाही. ‘पडल्याचा इतिहास, अंगठ्याच्या खळग्यात दुखतं, स्कॅफॉइड व्ह्यू’ असं लिहिलं, की तो पाचर काढतो, नळी कलती करतो, रुग्णाला हात करंगळीकडे वळवायला लावतो आणि दुखत असेल तर धीर देत तिथंच धरून ठेवतो. रुग्णालाही विचारता येतं, ‘डॉक्टर, स्कॅफॉइडचा वेगळा एक्स-रे लागेल का?’ हा प्रश्न कुणाला उद्धट वाटण्याचं कारण नाही. निघालेली फिल्म उजेडाच्या पेटीवर ठेवून तिचा मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर दुसऱ्या डॉक्टरांना पाठवला जातो, त्यात केसाएवढी रेघ हमखास हरवते. सेंटरकडून सीडी किंवा मूळ डिजिटल फाइल मागून घ्यावी. दोन आठवड्यांनी परत जाताना तीच घेऊन जावी, म्हणजे नवा एक्स-रे जुन्याच कोनात काढून दोन्ही शेजारी ठेवता येतात.